खंडोजीची पायरी

राजाजीनगर तेव्हा नुकतं कुठे वसत होतं. संध्याकाळी करमणूक म्हणजे एकच, खंडोजी. हा कोर्टातला कारकून दिवेलागणीला आपल्या पायरीवर बसायचा आणि स्वतःच्याच अब्रूचे धिंडवडे काढायचा. "माझ्यासारखा नालायक अख्ख्या बंगळुरात नाही," ही त्याची सुरुवात. मग बायकोच्या बांगड्या कशा विकल्या, सासऱ्याच्या तेराव्याला पिऊन कसा गेला, सगळं रंगवून सांगायचा. माणसं नाकं मुरडायची आणि आणखी पुढे सरकून बसायची.

शेजारच्या जमनाबाई खिडकीशी खुर्ची ओढून ऐकायच्या. चुलीवर भात लागला तरी उठायच्या नाहीत.

त्याची बायको कौशल्या बोलू लागली की मात्र ऐकणाऱ्याला जांभया यायच्या. तेच ते रडगाणं. तरी एकदा ती म्हणाली, "अक्का, त्या घरात आता राहवत नाही. तुमची मागची खोली द्याल? शिवणकाम करून राहीन." जमनाबाईंना तिची दया आली.

"गौरीच्या हळदीकुंकवाला ये. किल्ली तेव्हाच देते. सरी, चालेल ना?"

त्याच आठवड्यात जमनाबाईंचा चांदीचा करंडा नाहीसा झाला. संध्याकाळी पायरीवर खंडोजी म्हणाला, "बायकोच्या ट्रंकेत कुणाचा तरी करंडा दिसला. पण मी कुठल्या तोंडानं बोलू? मी तिच्या बांगड्या खाल्ल्या, तिनंही स्वल्प हात मारला." आणि तो पुन्हा स्वतःला शिव्या देऊ लागला.

जमनाबाईंनी ना ट्रंक पाहिली, ना कौशल्येला विचारलं. जो स्वतःचं काही झाकत नाही, तो बायकोबद्दल खोटं कशाला बोलेल? कुणी चांगुलपणा मिरवत सांगितलं असतं, तर त्यांनी दहादा खात्री करून घेतली असती.

हळदीकुंकवाला कौशल्या धुतलेलं लुगडं नेसून आली. जमनाबाईंनी ओळीनं सगळ्यांना कुंकू लावलं आणि तिला वगळून पुढे गेल्या. कौशल्या कपाळ पुढे करून बसली होती, ती तशीच राहिली. मग उठून गेली. जायला दुसरं घर नव्हतं, म्हणून ती त्याच घरात नांदली.

दोन वर्षांनी खंडोजीनं ती गंमत सांगितली. "जमनाक्का नळावर गेल्या होत्या. करंडा मी उचलला, चिकपेटेत सराफाकडे मोडला आणि आळ घातला बायकोवर!" हातात ताट धरल्यासारखं करून, मान ताठ करून त्यानं कौशल्येला वगळून पुढे जाणाऱ्या जमनाबाईंची नक्कल केली. नक्कल इतकी हुबेहूब होती की खिडकीत जमनाबाईही खळखळून हसल्या. तेवढ्यात त्याच्या मागे दारात उभी असलेली कौशल्या दिसली. ती थेट खिडकीकडेच बघत होती.

सकाळी जमनाबाई किल्ली घेऊन तिच्या दारात गेल्या. "माझं फार चुकलं गं. खोली तुझीच आहे."

कौशल्येनं किल्लीला हात लावला नाही. "अक्का, आजही तुम्ही त्यांचंच खरं धरून आलात," ती शांतपणे म्हणाली. "मला अजून काही विचारलंच नाहीत."

जमनाबाई किल्ली घेऊन मागे फिरल्या. त्या घरी आल्या, रडल्या, दिवसभर जेवल्या नाहीत. संध्याकाळी "माझ्यासारखा नालायक" ऐकू आलं तशी त्यांनी उठून खिडकी लावली. बंद फळ्यांतूनही त्याचा आवाज येत होता, आणि जमनाबाई फळीला कान लावून उभ्या होत्या.