सरळ वाट, नारासाकींच्या अंगणातून

नव्या स्टेशनाकडे लोक चालत आणि सायकलवर कसे पोचतील, हे आखायचं काम पालिकेत माझ्याकडे होतं. जुनं स्टेशन बंद होऊन नवं भातशेतीच्या पलीकडे होणार होतं. मी जुन्या बाजारापासून तिथपर्यंत नकाशावर एक सरळ रेघ मारली. ती नेमकी माझ्या सासऱ्यांच्या अंगणातून गेली. मी पुन्हा पट्टी धरली, पुन्हा रेघ मारली. पट्टीला नातीगोती कळत नाहीत.

माझे सासरे तोकुजी नारासाकी त्या अंगणात लोकांच्या सायकली सांभाळतात. सकाळी जुन्या स्टेशनावरून ओकायामा शहराची गाडी पकडणारे सायकल लावून पळतात, संध्याकाळी घेऊन जातात. एखाद्या चाकात हवा कमी असली तर ते न विचारता भरून ठेवतात. स्टेशन हललं की हा धंदा बसणारच होता, कारण नव्या स्टेशनाजवळ पालिकेचा सायकलतळ फुकट असणार होता. तो तळही मीच आखला होता. त्याविषयी आम्ही घरात कधी एक शब्द काढला नाही.

घर त्यांचंच. सासूबाई आधीच गेल्या होत्या. माझा नवरा हिसाशी दोन वर्षांपूर्वी ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या गेला. मग उरलो आम्ही दोघं, रोज समोरासमोर बसून जेवणारे. लोक चेहरा पाडून विचारायचे, "आता कसं वाटतंय?" मला काहीच वाटत नव्हतं. दुःख गिळून बसले होते अशातलाही भाग नाही, गिळायलाच काही नव्हतं. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात, तसं सगळं झालं होतं. डोकं चालायचं ते फक्त नकाशापुढे. बाळाची ढकलगाडी कुठे अडेल, म्हातारं माणूस कुठे टेकेल, शाळेच्या पोरी सायकलवरून गप्पा मारत जोडीने जातील तेव्हा चालणाऱ्याने कुठे जायचं, हे मला दिसायचं. बाकी दिवस आले तसे जायचे.

आमच्या विभागाचे प्रमुख हामानाका साहेब स्वतः जाऊन सासऱ्यांना भेटून आले होते.

"जागा मागितली," ते म्हणाले. "'विचार करतो' म्हणाले."

आमच्याकडे 'विचार करतो' म्हणजे 'नाही'. हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून मग वळणाची वाट काढली. ती कौलांच्या कारखान्याला वळसा घालून, ट्रकच्या रस्त्याने जात होती. त्या रस्त्याला पदपथ करायला जागाच नव्हती. तिथे सायकली आणि ट्रक एकत्र सोडायचे, या विचाराने मला काही वाटायला हवं होतं. वाटलं नाही, पण ते चूक आहे एवढं कळत होतं.

"तुम्ही विचारलंत तर कदाचित ऐकतील," साहेब म्हणाले.

"मी सून आहे त्यांची. तुम्हीच म्हणालात ना, घरी या विषयावर बोलायचं नाही म्हणून?"

"तेच तर. लोक म्हणतील, सुनेनं सासऱ्याला चांगला भाव मिळवून दिला." त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "नारासाकी बाई, एक कागद असतो. खालच्या मजल्यावर मिळतो. नवरा गेलेल्या बाईनं तो भरून दिला की सासरच्यांशी कायद्यानं नातं संपतं. त्यांची परवानगी लागत नाही, त्यांना कळवतही नाहीत. आडनाव राहिलं तरी चालतं. मग पालिकेच्या म्हणून बोला की खुशाल!"

म्हणजे समोर बसून जेवणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारायचा, तर आधी त्याच्याशी नातं तोडायचं. यावर कोणीही हसलं असतं. मी खाली गेले आणि कागद घेऊन आले.

त्या दिवशी जेवताना मी सासऱ्यांना सांगून टाकलं. मागून केलं असतं तरी चाललं असतं, पण चोरून करण्याइतका उत्साहही माझ्यात नव्हता.

"बाबा, असा असा कागद आहे. सोमवारी देईन म्हणते. कामासाठी लागतोय."

ते मुळ्याचं लोणचं चावत होते. चावून झालं.

"फी किती?"

"फुकट आहे."

"मग बरंय." थोड्या वेळाने म्हणाले, "हिसाशीच्या थडग्याचं गवत कोण काढणार?"

"मीच काढीन की."

"कोणी न लागता?"

"गवताला काय कळतंय?"

"तेही खरंच," असं म्हणून त्यांनी सूपचा वाडगा पुढे केला. मी तो भरून दिला.

शनिवारी दुपारी शाळेच्या व्यायामशाळेत गावकऱ्यांची सभा होती. बूट दारात, पायात शाळेच्या सपाता, घडीच्या खुर्च्या. साहेबांनी पडद्यावर वळणाची वाट दाखवली आणि ती किती सोयीची आहे ते सांगितलं. माझ्याकडे माईक होता. कोणी हात वर केला की त्याच्याकडे पळत जाऊन द्यायचा, एवढंच माझं काम.

"कुणाला काही विचारायचंय?"

सगळे मिठाची गुळणी धरून बसले. अशा सभेत गप्प बसणं म्हणजे होकार. साहेब कागद गोळा करू लागले आणि तेवढ्यात मागच्या रांगेत एक हात वर गेला. बाबांचा! हा माणूस सभेत कधी खोकलासुद्धा नव्हता. मी माईक नेऊन दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"ही वाट वाकडी आहे," ते म्हणाले. "ट्रकखाली पोरं येतील. सरळ वाट माझ्या अंगणातून जाते. घ्या ते. सरकारी भाव असेल तो द्या, वर एक येन नको."

साहेबांच्या हातातले कागद तिथेच थांबले.

"आणि आणखी एक. पालिकेच्या या बाईंनी मला काही विचारलेलं नाही, काही सांगितलेलं नाही. त्या माझ्या कोणी लागत नाहीत. हे लिहून घ्या. उद्या कुणी त्यांचं नाव घ्यायला नको."

त्यांनी कमरेतून वाकून मला नमस्कार केला, परक्या बाईला करावा तसा, आणि माईक माझ्या हातात दिला.

सभेतल्या प्रत्येकाला आम्ही कोण ते माहीत होतं. सगळे आपापल्या सपातांकडे बघत बसले. मला फक्त "धन्यवाद" म्हणून पुढे जायचं होतं. वाट सरळ झाली असती, काम माझ्याकडे राहिलं असतं, सोमवारी कागद दिला असता, सगळं कसं नीट बसलं असतं. आणि मला राग आला. कुठून आला कळलं नाही, पण असा आला की कान तापले.

"कोणी लागत नाही?" माईक चालूच होता. "मग यांचे पायजमे कोण धुतंय? पालिका?"

कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग अख्खी व्यायामशाळा हसली.

"हे माझे सासरे आहेत," मी म्हणाले. "मी यांच्या घरात राहते आणि राहणार आहे. हे लिहून घ्या."

साहेब मला दारात भेटले. रागावले नव्हते, थकले होते. "सोमवारपासून वाट आखायचं हे काम तुमच्याकडून उद्यान विभागाकडे. आता दुसरा इलाज नाही. जागेचं मी बघतो." मी मान हलवली.

घरी जाताना मी पुढे आणि ते मागे, असे चाललो होतो.

"काम गेलं ना?" त्यांनी मागून विचारलं.

"गेलं."

"मूर्ख आहेस. मी सगळं नीट जमवून आणलं होतं."

"तुम्ही गप्प बसा."

चार पावलांवर मीच थांबले. "अंगण द्यायचं कधी ठरवलंत?"

"हामानाका येऊन गेला त्याच आठवड्यात. विचार करतो म्हणालो, विचार केला."

"मग सांगितलं का नाही?"

"तुला सांगणारच होतो. आधी तुला विचारायचं होतं, घर तुझंही आहे म्हणून. पण तू तर त्यावर बोलायलाच तयार नव्हतीस. मला वाटलं, तुला इथे राहायचंच नाही. मग एवढं मोठं अंगण मला एकट्याला कशाला हवं?"

मी रस्त्याच्या कडेला उकिडवी बसले आणि रडू लागले. हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत, भर दिवसा. हिसाशीच्या अंत्यविधीला पाहुण्यांना चहा देताना माझ्या डोळ्यांत टिपूससुद्धा नव्हतं, आणि आता सभेतून परतणारं सगळं गाव सायकली हळू करून बघत होतं. बाबांना काय करावं सुचेना. पाठीवर हात ठेवणं त्यांना कधी जमलेलं नाही. ते माझ्या आणि रस्त्याच्या मध्ये उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, "आमची सून आहे. दमलीय जरा. जा तुम्ही, आमची सून आहे."