रंग ओला आहे

माझ्या धाकट्या भावाला सवलत दिसली की त्याचा चेहरा तान्ह्या बाळासारखा खुलतो. घरात आम्ही त्याला सवलतरावच म्हणतो आणि त्याला त्याचा रागही येत नाही. एकदा निम्म्या किमतीत मिळाले म्हणून त्याने एक नंबर लहान बूट घेतले आणि ते झिजेपर्यंत लंगडत ऑफिसला गेला. त्यामुळे ज्या दिवशी बाबांचं जुनं घर विकून शहरात फ्लॅट घ्यायचं ठरलं, त्या दिवशीच मला कळून चुकलं की हा सरळ एखाद्या दलालाकडे जाणार नाही.

त्याने एक साइट शोधून काढली. तिथला सौदा सोपा होता. दलालीतला मोठा वाटा ते घर घेणाऱ्याला परत करायचे. त्या बदल्यात तुमच्याबरोबर कोणी यायचं नाही. घर तुम्हीच शोधायचं, फोनवर कुलपाचा कोड यायचा, तुम्हीच दार उघडून बघायचं आणि ओढून घेऊन निघायचं. काही अडलंच तर एक चॅटची खिडकी होती आणि तिच्यात ‘मार्गदर्शक’ नावाचं कोणीतरी बसलेलं असायचं. ते माणूस होतं की मशीन, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

“दलाल करतो काय गं ताई? दार उघडतो आणि ‘हे किचन’ म्हणून सांगतो,” भाऊ म्हणाला. “किचन मलाही ओळखता येतं.”

मी हसले. त्याचं म्हणणं मला पटलं होतं, हेही सांगून टाकते.

बाबा रंगारी. उभा जन्म त्यांनी लोकांची दारं-खिडक्या रंगवण्यात घालवला. अलीकडे त्यांची आठवण विरत चालली होती. डॉक्टरांनी आजाराला लांबलचक नाव दिलं आणि हे वाढतच जाणार, असंही सांगितलं. पण जुन्या घरी बाबांचं निभत होतं, कारण त्या घराचं दार निळं होतं. गल्लीच्या तोंडापासून दिसायचं. रंग जरा फिका पडला की बाबा त्याच्यावर नवा हात मारायचे. ते भरकटले तरी कोणीतरी त्यांना ‘निळ्या दारात’ आणून सोडायचं. स्वतःचं नाव आठवायला त्यांना वेळ लागायचा, दाराचा रंग मात्र विचारायच्या आधी ओठांवर असायचा.

पण ते घर ओल धरून बसलं होतं, जिना उभा होता आणि बाबा तिथे एकटे. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, दुकानाजवळच एका खोलीत भाड्याने राहत होते. भावाचं घर लांब, त्यात त्याची दोन मुलं. उरला एकच मार्ग, वृद्धांच्या संस्थेचा. आणि तो तर आम्हाला नको होता. बाबांना संस्थेत ठेवायचं नाही, माझ्यापाशी ठेवायचं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता.

फ्लॅट बघायला गेलो तेव्हा बाबा खाली गाडीतच बसले. गुडघा दुखत होता. “तुम्ही बघा, मला त्यातलं काय कळतंय,” असं म्हणाले. आम्ही मात्र डोळ्यांत तेल घालून बघितलं. नळाचं पाणी, बाथरूमची फरशी, खिडकीतला उजेड, बाबांची खाट बसेल का, रात्री उठले तर कशाला अडखळतील. मी तर दिवसभर लोकांना काय दिसतं आणि काय दिसत नाही हेच तपासत असते. पण लिफ्टपासून दारापर्यंतच्या पॅसेजमधून जाताना आम्हा दोघांचेही डोळे फोनवरच्या कोडवर होते. येताना आम्ही घराबद्दल बोलण्यात गुंग होतो.

घरी आल्यावर भावाने बाबांना साइटवरचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो अगदी लक्ष देऊन पाहिला.

“चांगलं आहे,” ते म्हणाले. “कोणाचं आहे?”

“आपलंच, बाबा.”

“मग तर छानच.”

हा त्यांचा होकार समजून आम्ही पुढे गेलो. दलालीचे पैसे ठरल्याप्रमाणे परत आले. त्यातून भावाने बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले, बाबांना एक आरामखुर्ची आणली आणि महिनाभर त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

मग मी आणि बाबा तिथे राहायला गेलो. पहिल्याच आठवड्यात बाबा खाली चक्कर मारायला गेले ते परत येईनात. मी शोधत गेले तर ते तिसऱ्या मजल्यावर कोणाच्या तरी दारासमोर उभे होते, हातात किल्ली घेऊन. “कुलूप बिघडलंय,” म्हणाले. त्या दिवशी मी तो पॅसेज पहिल्यांदा नीट पाहिला. दोन्ही बाजूंना राखाडी दारं. एकासारखं एक, प्रत्येक मजल्यावर तशीच, तोच दिवा, तीच फरशी. नंबर होते, पण आकडे बाबांना कधीच सोडून गेले होते. त्या इमारतीत मलासुद्धा मजला चुकल्याचं किल्ली लागली नाही की कळायचं.

मला वाटलं, त्यात काय, आपण आपलं दार निळं करू. सोसायटीचे सेक्रेटरी फार सभ्य गृहस्थ. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि सांगितलं की दाराला बाहेरून रंग, चित्र, तोरण, काहीही लावायला बंदी आहे. “आज तुम्हाला निळा दिला तर उद्या कोणी गुलाबी मागेल,” असं म्हणाले. अर्ज करा, वार्षिक सभेत विचार होईल. सभा नुकतीच झाली होती.

मी दाराच्या मुठीला माझा निळा स्कार्फ बांधला. दोन दिवसांनी तो धुऊन, घडी घालून दारात ठेवलेला मिळाला, सोबत एक नम्र चिठ्ठी. कोणी भांडलं असतं तर बरं झालं असतं, निदान मलाही तोंड सोडता आलं असतं.

भावाने मार्गदर्शकाला विचारलं. उत्तर आलं तसं त्याने मला फोनवर वाचून दाखवलं: “तुमच्या योजनेत सल्ल्याचा समावेश नाही. सोसायटीचे नियम खरेदीपूर्वी तुमच्या पानावर उपलब्ध होते. मी आणखी काही मदत करू शकतो का?”

त्याने ते शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाला, “ताई, दलाल असता तर त्याने विचारलं असतं गं, कोण राहणार आहे म्हणून.”

पण आम्हालाही बाबा चांगले ठाऊक होते. जुनं घर घेणाऱ्याने ते पाडूनही टाकलं होतं, म्हणजे मागे फिरायलाही दार उरलं नव्हतं.

दिवसभरासाठी एक बाई ठेवून पाहिल्या. बाबांना त्या चोर वाटायच्या. आठवडाभर त्यांनी बाबांच्या शिव्या ऐकल्या आणि मग हात जोडले. शेजाऱ्यांच्या तक्रारी येत राहिल्या. सहाव्या मजल्यावर, बरोबर आमच्या डोक्यावर, एक नर्स एकटी राहायची. रात्रपाळी करून ती सकाळी झोपायची आणि बाबा तिच्या कुलपात किल्ली फिरवत बसायचे. पहिल्या वेळी ती इतकी घाबरली की तिने पोलिसांना बोलावलं.

मग मी बाबांना बाहेरून कुलूप लावून कामाला जाऊ लागले. संध्याकाळी परत यायची तेव्हा ते दाराच्या आत स्टुलावर बसलेले असायचे, पायात बूट. “दार अडकलंय. कोणाला तरी बोलव,” असं सांगायचे. मी म्हणायची, हो, उद्या बोलावते. बापाला कोंडून मी लोकांना चष्मे लावत होते. लेन्स पुसता पुसता मला स्वतःची किळस यायची. एका सकाळी कुलूप हातात घेतलं आणि लावू शकले नाही. तशीच निघून गेले.

त्या दुपारी दुकानात नर्सचा फोन आला.

“ताई, घाबरू नका. काका माझ्याकडे आहेत. पण तुम्ही जरा लवकर या.”

लिफ्टचं दार सहाव्या मजल्यावर उघडलं आणि समोर निळं दार होतं.

जुन्या घरून सामान आणताना बाबांचे ब्रश आणि त्या निळ्याचा अर्धा डबा मी सोबत आणला होता, सिंकखाली ठेवला होता. तो वास आला की ते शांत व्हायचे म्हणून. त्यांनी आधी दार घासून घेतलं होतं. कडेला चिकटपट्टी लावली होती, खाली वर्तमानपत्र पसरलं होतं. मूठ काढून बाजूला ठेवली होती, तिचे स्क्रू कपात. रंगाचा एक ओघळ नव्हता, ब्रशची एक रेघ उमटली नव्हती. बायकोचं नाव विसरलेल्या माणसाचे हात काहीही विसरले नव्हते. समोर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, रंग ओला आहे. आणि त्या पुठ्ठ्याशेजारी बाबा भिंतीला टेकून बसले होते, नर्सने दिलेला चहा पीत.

दार चुकलं होतं. तेवढंच चुकलं होतं.

नर्सने मला बाजूला घेतलं. ती झोपेतून उठून आली होती, डोळे लाल होते. “मी आधी ओरडणार होते,” ती म्हणाली. “मग विचारलं, काका, हे का करताय? तर म्हणाले, माझी पोरगी संध्याकाळी दुकानातून येते. इथली सगळी दारं सारखी आहेत. तिला आपलं दार सापडत नाही, म्हणून तिला उशीर होतो.”

मी जिन्यात जाऊन बसले आणि रडले. असं रडणं आई गेली तेव्हाही आलं नव्हतं.

नर्सने सेक्रेटरींना स्वतः जाऊन सांगितलं की दार असंच राहू द्या, मला आवडलंय. त्यांनी तिलाही खुर्ची दिली आणि नियम सांगितला. दार आमच्या खर्चाने पुन्हा राखाडी करायचं आणि बाबांवर चोवीस तास लक्ष ठेवायचं, नाहीतर वकिलामार्फत नोटीस, असं पत्र आलं.

भाऊ आला. फ्लॅट विकून थेट गल्लीत दार उघडणारं एखादं घर बघू म्हणून आम्ही सगळीकडे चौकशी केली. आताच विकला तर हाती जे येईल त्यात या शहरात तसं एका खोलीचं घरही येत नव्हतं. भावाने पहिल्यांदाच सवलतीचं नाव काढलं नाही. तो बाबांच्या आरामखुर्चीच्या हातावर बसून राहिला. मग खाली बघत त्याने संस्थेचं नाव घेतलं आणि मी हो म्हणाले. जे टाळण्यासाठी एवढं केलं, त्याच्यावरच येऊन पडलो.

सोमवारी दुसरा रंगारी येणार होता. बाबांना आम्ही रविवारी न्यायचं ठरवलं, निदान दार पुन्हा राखाडी होताना त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. भाऊ बॅगा घेऊन आधीच खाली गाडीपाशी गेला. मी बाबांना कोट घातला, लिफ्टमध्ये नेलं आणि तळमजल्याचं बटण दाबलं. वरून कोणीतरी लिफ्ट बोलावली होती. ती खाली जायच्या ऐवजी वर गेली आणि सहाव्या मजल्यावर उघडली. बोलावणारं बहुधा जिन्याने निघून गेलं होतं. समोर फक्त ते दार होतं.

बाबांचा चेहरा उजळला. या घरात आल्यापासून तसा चेहरा मी पाहिला नव्हता. ते बाहेर पडले, पायपुसण्यावर नीट पाय पुसले.

“हे बघ, आलंच की घर,” ते म्हणाले. “उगाच शोधत होतो.”

त्यांनी मुठीकडे हात नेला. आत नर्स रात्रपाळी करून झोपली होती. खाली भाऊ गाडी चालू करून थांबला होता. ओढून नेलं असतं तर ते ओरडले असते, आणि घर समोर दिसत असलेल्या माणसाला ते घर नाही हे कसं सांगायचं, ते मला कळत नव्हतं.

“बाबा, हात नका लावू,” मी म्हणाले. “रंग ओला आहे.”

त्यांनी चटकन हात मागे घेतला. आयुष्यात त्यांनी ओल्या दाराला कधी हात लावला नव्हता, लावू दिला नव्हता.

“हो का? बरं झालं सांगितलंस. वाळायला वेळ लागेल मग.”

“थोडा वेळ. तोवर आपण एका ठिकाणी जाऊन येऊ.”

ते आपणहून लिफ्टमध्ये आले. गाडीत बसले, पट्टा लावून घेतला, वाटेत एकदाही कुरकुर केली नाही.

सहाव्या मजल्यावरचं दार आता राखाडी आहे. मी पाचव्यावर एकटीच राहते. संस्थेत प्रत्येकाचं दार वेगळ्या रंगाचं ठेवलंय, ओळखू यावं म्हणून. बाबांचं पिवळं आहे. ते त्याच्याकडे बघतही नाहीत. मी गेले की कोट घालून तयार बसतात आणि विचारतात, “वाळला का गं?”

मी म्हणते, हवा दमट आहे बाबा, अजून नाही.

ते खिडकीबाहेर बघतात, जाणत्या माणसासारखी मान हलवतात. “या हवेत वेळ लागतोच,” म्हणतात. “घाई करू नकोस. मी थांबतो.”