रंगवलेल्या शटरची सकाळ

त्या दिवशी आभाळ निरभ्र होतं, वारा मात्र बोचरा. रस्त्यावरची धूळ उचलून तो माझ्या तोंडावर आणून टाकत होता. ऊन समोरच्या छपरावरून हळूहळू खाली उतरत होतं, म्हणून डोक्याकडे मी तापलो होतो आणि पायाकडे अजून गारठलेलाच. लोखंडाचा जन्मच असा.

मी शटर बोलतोय. शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानाचं. वय झालंय, पण अंगाने अजून भक्कम आहे. लिहिता-वाचता मला येत नाही. अंगावर किती अक्षरं आली आणि पुसली गेली, एकही कळलं नाही. पण माझ्या मुठीला कुणाचा हात लागला की तो माणूस आज कसा आहे, ते मात्र लगेच कळतं.

लांबलचक पट्ट्या एकमेकींत ओवून मला केलं. एकटी पट्टी म्हणजे काहीच नाही, पोरगंही वाकवील. ओवल्या की शटर होतं. बसवणाऱ्या कारागिराने मला पहिल्यांदा वर ढकललं, तेव्हा असा गडगडाट झाला की समोरचा सलूनवाला अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सोडून बाहेर आला.

"काय हो, पडलं की काय?"

"पडलं नाही, उठलं," कारागीर म्हणाला.

तेव्हाच मला माझं काम कळलं. लोकांना वाटतं, शटर बंद व्हायला असतं. बंद काय, भिंतही असते. उठतं ते शटर.

माझे मालक म्हणजे मशीनकाका. शहराच्या कडेला कपड्यांचा मोठा कारखाना होता. तिथल्या बाया आपली घरची मशीनं काकांकडे आणायच्या. काका मशीनला कान लावून ऐकायचे आणि विचारायचे, "हिला कुणी रागावलं का घरात?" बाया हसायच्या. हसेपर्यंत निम्मी दुरुस्ती झालेली असायची.

मग कारखाना बंद पडला. त्याच्या मागोमाग रस्त्यावरची दुकानं, एकेक करून. राहिला तेवढा सलूनवाला. "केस काही कारखान्याला विचारून वाढत नाहीत," म्हणायचा. पुढे काकांचे हात थरथरायला लागले. एका संध्याकाळी त्यांनी मला खाली ओढलं आणि बराच वेळ मूठ सोडलीच नाही. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत.

वर्षं गेली. गंज चढला. कुत्री पायाशी झोपायला यायची. त्यांचा मात्र कंटाळा कधी आला नाही.

मग चित्रवाले आले. एक उंच मुलगी आणि तिचा दाढीवाला जोडीदार. बंद दुकानांची रांग बघून लोक मान खाली घालून निघून जायचे. या मुलीने मात्र बाह्या सरसावल्या. त्यांनी मला घासूनपुसून काढलं. तशी अंघोळ मला जन्मात कुणी घातली नव्हती.

तिने वरच्या पट्ट्यांवर एक शिलाई मशीन काढलं. त्याच्या सुईखालून एक लांब कापड निघून थेट जमिनीपर्यंत आलं. मग तिने रस्त्यावरच्या घराघराला एकेक पट्टी वाटून दिली. म्हणाली, "तुमच्या घरातल्या कुठल्या तरी कपड्याची नक्षी काढा. चुकली तरी चालेल."

कुणी आईच्या शालीची किनार काढली, कुणी पोराच्या सदऱ्याची चौकडी. भांडणंही झाली.

"अहो, तुमची फुलं माझ्या चौकडीत आलीत!"

"येऊ दे ना वहिनी, शेजार आहे."

सलूनवाल्याने गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधायचं पांढरं कापड काढलं. "ही पट्टी रंगवायची राहिली का?" कुणीतरी विचारलं. "केस दिसत नाहीत का त्याच्यावर?" तो तडकला.

मी देखणा झालो, खोटं कशाला बोलू! मग त्यांनी रस्त्यावरची बाकीची शटरंही रंगवली. लांबून लोक बघायला यायला लागले, माझ्यापुढे उभे राहून फोटो काढायचे. बघून झालं की दाढी करून घ्यायचे. सलूनवाल्याचं बाकडं रिकामं दिसेना. पण माझ्या मुठीला कुणी हात लावत नव्हतं. तिच्यावर एक मोठं बटण काढलेलं होतं.

आणि मग तो बोचऱ्या वाऱ्याचा दिवस आला. काकांची सून किल्ली घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

काकांचं काम तिने हातात घेतलं होतं. कारखान्यातल्या बाया आता घरी बसून शिवायच्या, आणि बिघडलेली मशीनं तिच्या स्वयंपाकघरात यायची. एकदा भाजीत कुठल्या डब्यातलं तेल पडलं, ते नवऱ्याला पहिल्याच घासाला कळलं. तेव्हा ती काकांना म्हणाली, "मामंजी, दुकान उघडू या." काकांनी उशाखालची किल्ली काढून दिली.

किल्ली कुलपात जाईना. भोक रंगाने बुजलेलं. कुलूप कसंबसं मोकळं केलं, तर मीच हलेना. पट्टी आणि पट्टी रंगाने चिकटून माझा एक सपाट पत्रा झाला होता. मी आतून जोर लावत होतो, पण ऐकणार कोण?

सलूनवाला धावत आला. "सूनबाई, काय करताय! चित्राचं वाटोळं होईल."

"भाऊ, दुकान आहे हे."

"होतं. आता लोक बघायला येतात. हे वर गुंडाळलं तर बघायचं काय?"

"आणि मी बसायचं कुठे? स्वयंपाकघरात आता मशीनं बसतात, माणसं उभी असतात."

"शेजारचं दुकान घ्या की."

"त्याच्यावर मासे काढलेत. ते मारू?"

लोक हसले, पण तिच्या बाजूला कुणी सरकलं नाही. ती परत फिरली असती, तर तिचं दुकान चुलीशेजारीच राहिलं असतं आणि मी कायमची भिंत झालो असतो.

कुणीतरी चित्रवाल्या मुलीला बोलावून आणलं. सगळ्यांना वाटलं, ही आता आडवी पडणार. तिने माझ्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "चूक आमची आहे. हे पुन्हा कधी उघडेल, असं आमच्या मनातच आलं नाही."

तिने पिशवीतून पातं काढलं आणि स्वतः काढलेल्या मशीनमधून आडवी रेघ कापली. कुणाच्या तरी तोंडून "अगं अगं!" निघालं.

"बाकीच्या पट्ट्या तुमच्या," ती म्हणाली. "ज्याची त्याने मोकळी करायची. नको असेल तर मी हात लावणार नाही."

कुणी हलेना. मग चौकडीवाली वहिनी घरात गेली आणि भाजीची सुरी घेऊन आली. "माझी मी बघते. फुलंवाल्या बाई, तुमची खाली आहे, बसून करा."

मग काय! सुऱ्या, कात्र्या, चमच्यांचे दांडे, जे मिळेल ते घेऊन माणसं भिडली. मला गुदगुल्या होत होत्या. शेवटी एकच पट्टी चिकटलेली राहिली, ती पांढरी. सगळे सलूनवाल्याकडे बघायला लागले. तो आत निघून गेला. रुसला, असं वाटलं. बाहेर आला तो वस्तरा घेऊन.

"असलं काम सुरीने होतं का? सरका." आणि दाढी करावी तसा त्याने सांधा साफ केला.

तोवर काकांना आणून सलूनच्या खुर्चीत बसवलं होतं. "आता तेल," ते म्हणाले. "आणि हळू. तो ऐकतो, पण उशिरा."

सुनेने मूठ धरली. तिचा हात थरथरत नव्हता. मी उठलो. गडगडत, रंगाचे कपचे उडवत, सगळ्या घरांची कापडं पोटाशी गुंडाळून घेत मी वर गेलो, आणि दुकानात ऊन शिरलं.

आता दिवसा माझ्याखालून मशीनं आत-बाहेर होतात. चित्र बघणारे संध्याकाळी येतात, दाढी तेव्हाही करून घेतात. पट्ट्यांमधल्या कापलेल्या रेघा चित्रवाली भरून देणार होती. सून म्हणाली, "राहू दे. शिवण दिसते." तुमच्याही रस्त्यावर एखादं बंद शटर असेल, तर रंगवा, जरूर रंगवा. कुलपाचं भोक तेवढं मोकळं ठेवा.

त्या पहिल्या संध्याकाळी सुनेने मला खाली ओढलं आणि ती घरी गेली. सलूनवाला रस्ता ओलांडून आला. आपल्या पांढऱ्या पट्टीचा एक टवका निघाला होता, तो त्याने अंगठ्याने दाबून बघितला. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "झोप आता, गड्या. सकाळी उठायचंय तुला."