हात न लावता गळलेली फळं

मित्रांनो, शेडमध्ये गवत कापायच्या यंत्रामागे एक पिवळा डबा उलटा पडलेला दिसतो ना? तो मीच. मी एक जुना फवारणीचा पंप आहे, पाठीवर घ्यायचा. टाकीला तडा गेला आहे, पट्टे उंदरांनी कुरतडले आहेत. पितळी नळी मात्र अजून शाबूत आहे, आणि आठवण त्याहून शाबूत.

माझ्या जन्माचं फार कौतुक सांगण्यासारखं नाही. साच्यातून निघालेल्या सगळ्या भावंडांसारखाच मी दिसत होतो. दुकानात दोन वर्षं धूळ खाल्ली आणि मग इंग्लंडमधल्या विझबीच गावच्या विष्णूरावांनी मला घरी आणलं. ते तिथल्या भाज्या-फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्यात फोरमन होते. घरामागे त्यांची कॉक्स जातीच्या सफरचंदांची नऊ झाडं होती. झाडं नऊ असली तरी बोलताना विष्णूराव त्यांना "आपला ऑर्चर्ड" म्हणत.

पाठीवर बसणाऱ्याला माणूस पाठमोरा दिसतो, म्हणून जरा जास्त खरा दिसतो. माणसं बोलतात काय ते एका बाजूला आणि करतात काय ते दुसऱ्या बाजूला मांडून बघायची मला खोड आहे. विष्णूरावांच्या दोन बाजू सहसा जुळत नसत. पण माणूस वाईट नव्हता. मावा पडला की मावशीचं दुखणं काढावं तशा मायेनं ते साबणाचं पाणी फवारत, आणि काम झालं की मला धुऊन उन्हात उलटा ठेवत. ती माझी सुखाची वर्षं.

आता त्यांच्या बायकोचा, यमुनाबाईंचा, नवस सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. लेकीच्या, रश्मीच्या, आधी त्यांची दोन बाळंतपणं अर्ध्यावर मोडली होती. तिसऱ्या वेळी त्या देवीच्या फोटोसमोर म्हणाल्या, "हे लेकरू पुऱ्या दिवसांचं होऊ दे. माझ्या अंगणातलं कच्चं फळ मी कुणाला तोडू देणार नाही." तेव्हा त्यांना अंगणच नव्हतं. लंडनजवळ इल्फर्डला वरच्या मजल्यावर एक भाड्याची खोली होती आणि खिडकीत कोथिंबीरसुद्धा धड जगत नव्हती. विष्णूरावांनी हसून मान डोलावली. नसलेल्या अंगणाचा नवस स्वस्तात पडला असं त्यांना वाटलं. रश्मी झाली, मोठी झाली, विझबीचचं घर झालं, आणि अंगणासकट नवस दारात येऊन उभा राहिला.

सफरचंदाचं एक दुखणं असतं, मित्रांनो. एकेका झुपक्यात पाच-पाच फळं धरतात. सगळी ठेवली तर फळं लिंबाएवढी राहतात, झाड दमतं, आणि पुढच्या वर्षी रुसून बसतं. म्हणून बागवाले इकडच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, जूनमध्ये, झुपक्यातली बरीचशी कच्ची फळं तोडून टाकतात. यमुनाबाईंच्या दारात ते शक्य नव्हतं. एक वर्ष झाडं लगडायची, एक वर्ष रिकामी.

दसऱ्याच्या आसपास एका रविवारी इल्फर्डची मंडळी मिनीबस करून यायची. सोनं वाटून झालं की विष्णूराव प्रत्येकाच्या हातात सफरचंदांची पिशवी कोंबायचे. एकदा रंभाबाईंनी, म्हणजे यमुनाबाईंच्या इल्फर्डच्या जुन्या शेजारणीनं, पिशवीत डोकावून विचारलं, "विष्णूभावजी, ही सफरचंदं आहेत की बोरं? मोजून द्या हो, हरवतील!"

सगळे हसले. विष्णूरावही हसले. पण ती रात्र त्यांनी कुशी बदलत काढली असणार, कारण दुसऱ्याच दिवशी ते कुंपणापलीकडच्या बागवाल्याकडे, टेडकडे, सल्ला मागायला गेले.

टेडनं त्यांना एक बाटली दाखवली. "ग्रोथ रेग्युलेटर. फुलं गळाली की फवारायचं. बारकी फळं आपोआप सुटतात, हात लावायला नको."

हात लावायला नको! विष्णूरावांच्या चेहऱ्यावर वकिलाला पळवाट सापडल्यावर येतो तसा उजेड आला.

१९८८च्या मे महिन्यात यमुनाबाई वेम्बलीला गेल्या होत्या, ईलिंग रोडवर डाळ-मसाल्याची खरेदी करायला. त्या दिवशी माझ्या टाकीत पहिल्यांदा ते पाणी पडलं. विष्णूरावांनी फवारलं आणि कपडे बदलून टीव्हीसमोर बसले, जणू दिवसभर तिथेच होते.

पुढे झाडाखाली बारीक हिरवी फळं पडू लागली.

"अहो, हे काय? एवढी कशी गळली?"

"अगं, झाड स्वतःच गाळतं. इकडे त्याला जून ड्रॉप म्हणतात."

खोटं नव्हतं. अर्धं खरं होतं, आणि अर्ध्या खऱ्याला कुणी उलट प्रश्न विचारत नाही. त्या दसऱ्याला सफरचंदं मुठीत मावेनात. रंभाबाईंनी दोन पिशव्या उचलल्या. यमुनाबाईंनी सगळ्यांत लाल फळ देवीपुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "मी शब्द पाळला, तिनं पदरात टाकलं." विष्णूराव मान खाली घालून फळ कापत राहिले.

पुढच्या वर्षी त्यांनी बाटलीचं एक झाकण जास्तीचं ओतलं, पाहुणा आला तर असावा म्हणून चहा वाढवतात तसं. गार, ढगाळ आठवड्यानंतर एकदम ऊन पेटलं होतं. अशा वेळी फवारू नका असं बाटलीवर लिहिलेलं होतं. पण यमुनाबाई त्याच दिवशी बाहेर होत्या, आणि विष्णूरावांना हवामानापेक्षा बायकोची गैरहजेरी महत्त्वाची होती.

नऊही झाडं रिकामी झाली.

यमुनाबाईंनी गळलेली फळं कार्डिगनच्या ओच्यात गोळा केली. "माझ्याच हातून काहीतरी चुकलं," त्या म्हणाल्या. "चैत्रात मी देवीला फुलांची एक डहाळी तोडली होती. तिच्यात फळच होतं ना हो?"

सांगायची वेळ हीच होती, मित्रांनो. विष्णूराव म्हणाले, "चल, चहा टाक."

नवस फळांचा असला तरी त्याची दुसरी बाजू रश्मी होती. शुक्रवारचे उपास सुरू झाले. केंब्रिजला रोज संध्याकाळी फोन. "बरी आहेस ना? सायकल हळू चालव." रश्मी तिथे वनस्पतिशास्त्र शिकत होती. तिला न्यूझीलंडच्या फळबागांमध्ये वर्षभराचं संशोधनाचं काम मिळालं, तेव्हा यमुनाबाई फोनवरच रडल्या. "एवढं वर्ष कुठे जाऊ नकोस, बाळा. माझ्यासाठी." आई कारण सांगेना, नुसती रडत राहिली. शेवटी रश्मीनं नकार कळवला. विष्णूराव हॉलमध्ये पेपर वाचत होते. त्यांनी पानसुद्धा उलटलं नाही.

पुढच्या वर्षी जूनमध्ये रश्मी घरी आली. यमुनाबाईंनी उपासाचं कारण तिला तेव्हा सांगितलं. ती ऐकून सरळ शेडमध्ये आली, माझं झाकण उघडून वास घेतला, शेल्फवरची बाटली उचलली आणि तशीच बापापुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, हे तुम्ही फवारलं? गेल्या मेमध्ये? त्या हीटवेव्हमध्ये?"

"हळू बोल. तुझी आई—"

"आईला वाटतं मी मरणार आहे! माझा न्यूझीलंड गेला, बाबा. तुम्ही सांगता की मी सांगू?"

विष्णूरावांनी सांगितलं. झाडाखाली उभं राहून, झाडाकडे बघत. शेडचं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं.

यमुनाबाई ओरडल्या नाहीत. "वर्षभर मी या पोरीचा श्वास मोजत बसले," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही शेजारी बसून माझ्याच हातचा चहा पीत होतात."

"अगं, तुला वाईट वाटू नये म्हणून…"

"मला विचारायचं होतं हो. भांडले असते. रडले असते. पण ते माझं असतं."

मग त्यांनी हात वर केला. झाड त्या वर्षी पुन्हा लगडलं होतं. एका झुपक्यातलं एक फळ सोडून बाकीची त्यांनी स्वतः तोडली, एकेक, देठाशी धरून. "ही मी तोडली. जे व्हायचं ते माझ्या नावावर होऊ दे. रश्मी, तुला जिथे जायचं तिथे जा."

पण न्यूझीलंडची जागा कधीच दुसऱ्या कुणाला मिळाली होती. रश्मीनं केंटमध्ये नोकरी धरली. ती चांगली आहे, बरी आहे, दसऱ्याला येते. गप्पांत न्यूझीलंडचं नाव निघालं की उठून भांडी घासायला जाते.

दर जूनमध्ये यमुनाबाई शिडीवर चढतात आणि फळं विरळ करतात. विष्णूराव खाली शिडी धरून उभे असतात. पडलेली फळं गोळा करायला ते वाकले की त्या म्हणतात, "राहू द्या. ती माझी आहेत." एवढंच. बाकी संसार नीट चालला आहे.

मला मात्र त्या दुसऱ्या फवारणीनंतर विष्णूरावांनी हात लावला नाही, धुतलंही नाही. शेवटचं औषध तळाशी सुकलं आणि तिथूनच टाकी तडकली.

म्हणून सांगतो, मित्रांनो. फवारणी झाली की पंप लगेच धुवा, बाटलीवरचं वाचा, ऊन-वारा बघा. आणि माणसाला तोंडावर सांगता येत नाही ते माझ्यासारख्याच्या टाकीत भरून पाठीवर घेऊ नका. पाण्याचं वजन फवारलं की उतरतं. विष्णूरावांची पाठ मी जवळून पाहिली आहे. ती अजून वाकलेलीच आहे.