तानीचं गुंतवळ

मी मुळातलीच संशयी. दूध नासलं की मला आधी आठवतं, सकाळी दारावरून कोण गेलं होतं. तानीचे वडील म्हणायचे, "हिला देवानं दोनच डोळे दिले, तिला चार पाहिजे होते." म्हणू देत. घर माणसांच्या भरवशावर चालत नाही, लक्ष ठेवल्यावर चालतं, हे माझं तेव्हाचं मत.

मिठाच्या सत्याग्रहानंतरच्या वर्षाची गोष्ट. भडगावच्या खाली गिरणाकाठी आमचं गाव. तानी माझी एकुलती लेक. बाराव्या वर्षी पाचोऱ्याच्या पितांबरला दिली होती, मोठी झाली की नांदायला धाडायची असं ठरलं होतं. चौदाव्या वर्षी पोरीला मुदतीचा ताप आला. जगली हेच नशीब, पण केस मुठीमुठीनं गेले आणि शेवटी न्हाव्याकडून डोकं साफ करून घ्यावं लागलं. ही बातमी पाचोऱ्याला पोचायला दोन दिवस लागले नाहीत. विहीणबाईंचा निरोप आला: दीड वर्षानं आखाजीला, अक्षय तृतीयेला, पोरीला बघायला येईन. तोवर वेणी घालण्याजोगे केस आले नाहीत तर रोग अंगातच राहिला असं समजू, आणि पितांबरला दुसरी बायको करू.

झालं! त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तानीच्या डोक्याशिवाय काही उरलं नाही. दर तिसऱ्या दिवशी कढत पाण्यानं न्हाऊ घालायची. रिठ्यात चांगला मूठभर पापडखार टाकायची, म्हणजे तेलाचा मेणचटपणा राहत नाही. ओल्या केसांतूनच बारीक फणी फिरवायला लावायची, आणि केस हाताला येऊ लागल्यावर लोकरीचा दोरा घालून वेणी अशी ताणून बांधायची की पोरीच्या भुवया वर जायच्या. ओढलं की केस वाढतात, हे माझ्या आईनं मला सांगितलेलं. तिला तिच्या आईनं.

घरात माझी धाकटी जाऊ होती, कौतिकबाई. माहेर दोंडाईच्याचं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पदरात पोर नव्हतं. पण केस बघा! सोडले की गुडघ्याला लागायचे, आणि हात फिरवला तर बोटं खाली घसरायची. ते बघितलं की मी तानीला म्हणायची, काकूचीच नजर लागली असेल. एकाच घरात, एकाच विहिरीच्या पाण्यानं एकीचे केस असे आणि माझ्या लेकीचे तसे का?

ती मला सांगायला यायची. "अक्का, वेणी ढिल्ली करा ना. पोरले दुखस." खार नका टाकू म्हणायची, नुसता रिठा पुरे. केस सावलीत वाळू द्या, मग मोठ्या दातांची फणी घ्या आणि टोकाकडून गुंता काढत वर जा. जवस उकळून त्याचा बुळबुळीत रस लावा, केस तुटत नाहीत. एवढं सगळं ही मला का सांगते, तिचा यात काय फायदा, हाच विचार मी करत बसायची.

"तू गप ऱ्हाय," मी एकदा तिला म्हटलं. "तुले काय समजस पोरं वाढाडानं?"

माझी जीभ तशीच आहे, सुरीला धार लावावी लागत नाही.

केस मानेच्या खाली आले, मी देवाला नारळ फोडला. पण पुढच्या दोन महिन्यांत कानशिलं उघडी पडायला लागली. शेजारची कुंदाबाई ताक मागायला आली आणि बघतच राहिली. "माय वो! काय पोरनं डोकं हुई गयं!" मला भुईनं पोटात घ्यावं असं झालं.

आता गुंतवळाचं ऐका. फणीला आलेले केस आमच्याकडे कोणी वाऱ्यावर टाकत नाही. बोटाला गुंडाळायचे, त्यावर थुंकायचं आणि मागच्या भिंतीच्या भोकात खोचायचे. ते दुसऱ्याच्या हाती गेले की माणसाचं बरंवाईट त्याच्या हाती गेलं. तानी सकाळी मागच्या दारी फणी करायची, मी चुलीपुढून सुटले की वेणी घालायची. रोज संध्याकाळी मी भोकात बोट घालून गुंतवळ किती वाढलं ते बघायची. तर कानशिलं उघडी पडत होती आणि भोकात गुंतवळ मात्र बोटभरच! केस जात होते कुठे? कोणीतरी नेत होतं. कोण, हे विचारायला मला ज्योतिषाची गरज नव्हती. वांझ बाईनं वाढत्या पोरीचे केस नेले तर कशासाठी नेले, हे आमच्या गल्लीत शेंबडं पोरही सांगेल: ते खायचे, म्हणजे स्वतःची कूस उजवते.

फाल्गुनात एका दुपारी मी कडब्याच्या गंजीमागे दबा धरून बसले. सगळे जेवून आडवे झाले होते. कौतिक आली. इकडेतिकडे पाहिलं, भोकात हात घातला, काळा गोळा काढला आणि कमरेला खोचला.

"डाकीण शे तू!" मी गंजीमागून उठले ती ओरडतच. "मनी पोरना केस खास!"

गल्ली गोळा झाली. कुंदाबाई सगळ्यांत पुढे. तानी मागच्या दारात येऊन उभी राहिली, तोंड उघडलं, काही बोलणार तेवढ्यात कौतिकनं तिच्याकडे बघून मान हलवली. एवढीशीच. मी म्हटलं, बघा, सगळ्यांदेखत पोरीवर नजर टाकते! कौतिकनं कमरेचा गोळा काढून माझ्या पायाशी ठेवला आणि आत गेली. माझा दीर वना, कौतिकचा नवरा, खाली मान घालून उभा होता. दुसऱ्या दिवशी त्यानंच बैलगाडी जुंपली आणि तिला पाचोऱ्याच्या स्टेशनावर सोडून आला. खरं सांगते, त्या रात्री मला शांत झोप लागली.

आठ दिवसांनी मी भोकात बोट घातलं. गुंतवळ बोटभरच.

दुसऱ्या दिवशीही तेवढंच. उंदीर असेल म्हणून मी भोकापाशी राख पसरली, तिच्यावर एक पाऊल उमटलं नाही. मग गोधड्या झटकल्या, फडताळं धुंडाळली. तानीची उशी उचलली तर ती एका बाजूनं उसवलेली. आत कापसाऐवजी केस. नारळाएवढा गोळा निघाला.

"मीच लपाडं, माय," तानी म्हणाली. ती दारात उभी होती.

"का?"

"तुला कमी दिसावेत म्हणून. जास्त दिसले की तू काकूचं नाव घ्यायचीस. उशी भरली तेव्हा काकूला सांगितलं, तर ती म्हणाली, तू पकडली जाशील, भोकातच ठेव, दुपारी मी काढून नदीला टाकत जाईन. ती गेल्यावर पुन्हा उशीतच भरले. त्या दिवशी मी सांगणार होते, तिनंच नको म्हटलं." मग तिनं डोक्याला हात लावला. "दुखतं गं माय. तू वेणी घातली की रोज दुखतं. दुपारी तू झोपलीस की काकू सैल करून द्यायची आणि तू उठायच्या आत परत बांधायची."

मी तिच्याजवळ गेले, वेणी सोडायला हात वर केला. पोरीनं डोळे घट्ट मिटले आणि मान खांद्यात ओढून घेतली. मारणार म्हणून नव्हे, वेणी घालणार म्हणून.

कानशिलापाशी कातडी लाल होती. केस मुळातून गेले नव्हते, खुंटासारखे तुटले होते, जिथे माझा दोरा ताणला जायचा नेमके तिथे. खारानं बाकीचे केस सुंभासारखे कोरडे पडले होते. आणि मी गावभर चोर शोधत होते. मला इतकी लाज वाटली की मी तिथेच खाली बसले आणि तोंडावर पदर घेऊन रडले. तानीनं माझ्या पाठीवर हात ठेवला, तर मला आणखीच रडू आलं.

तानीच्या वडिलांना मी पाचोऱ्याला धाडलं, खरं खरं सांगायला. ताप पोरीच्या अंगात नाही, आईच्या हातानं केस गेले, दिवाळीपर्यंत थांबा. विहीणबाई थांबते म्हणाल्या. दिवाळीच्या पुढे मात्र एक दिवस नाही.

मग मी दोंडाईच्याला गेले. कौतिक अंगणात शेंगा फोडत होती. मी तिच्यापुढे बसले आणि म्हटलं, चुकले. घरी चल. वना जेवत नाही. दिवाळीपर्यंत तानीचे केस आता तूच सांभाळ.

तिनं हातातली शेंग फोडली. "आले आणि केस वाढले तर म्हणाल जादू केली," ती म्हणाली. "गळले तर म्हणाल खाल्ले. मी काय करू, अक्का?"

मी तिच्या पुढ्यातल्या मूठभर शेंगा घेऊन फोडायला लागले.

"आते मी तुमना दारमा पाय नही ठेवस," ती म्हणाली. "तानीले अठे धाडा. दिवाळीपर्यंत."

म्हणजे पोर तिच्या माहेरी, माझ्या डोळ्याआड सहा महिने. जुना संशय परत आला. सगळं कळूनसुद्धा आला, खोटं कशाला सांगू? घरी येऊन दोन दिवस मी जेवले नाही. तिसऱ्या दिवशी तानीचं गाठोडं बांधलं आणि तिला स्वतः घेऊन गेले. कौतिकनं दारातच तिची वेणी सोडली, बोटांनी केस मोकळे केले आणि एवढंच म्हणाली, "आता काही बांधायचं नाही." तानीनं खांदे खाली सोडले. ते मी बघितलं आणि मुकाट्यानं निघाले.

परतीच्या गाडीत दोंडाईच्याचीच एक बाई मांडीवर लहान पोर घेऊन माझ्याशेजारी बसली. कुठं आली होतीस, विचारलं तिनं. मी सांगितलं, लेकीला कौतिककडे ठेवायला.

"ती?" बाईनं गालावर हात मारून घेतला. "माय वो! तिले तर सासरलोकेसनी काढी दिधी. पोरीसना केस खास म्हणे!"

"कोण म्हणतं?"

"बठ्ठं गाव म्हणस. तिनी थोरली जेठाणीनी सोताना डोयाघाई देखं."

गाडी नरडाणा स्टेशनाच्या पुढे गेली. मग मी तिच्याकडे वळले.

"मीच ती जेठाणी, तिची थोरली जाऊ," मी म्हटलं. "आणि तिला केस खाताना मी कधीच पाहिलं नव्हतं. खोटं बोलले."

बाईनं मांडीवरचं पोर उचललं, माझ्यापासून दूर, पलीकडच्या बाजूला घेतलं आणि त्याच्या तोंडावर पदर ओढला.