निळ्या मोज्यातली शेवटची बाटली

ओतिलियाने बाटली आधी वर्तमानपत्रात गुंडाळली, मग टॉवेलात, आणि मग बर्फाने भरलेल्या पिशवीत उभी केली. तिकडे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, दुपार अडतीस अंशांच्या खाली यायला तयार नव्हती आणि लुहानला जाणारी बस म्हणजे चाकांवरची भट्टी. सव्वीस वर्षं अंधारात सांभाळलेली वस्तू अशा उन्हातून न्यायची म्हणजे जिवाला घोर.

"मग नेतेस कशाला?" कोर्दोबाहून फोनवर मुलीने विचारलं. "तुझ्या वाढदिवसाला उघडू की आपण."

"वाढदिवसाला उघडली की सगळे म्हणणार, वा, बाबांची वाइन! बाटलीवरचं नाव वाचून 'वा' कुणीही म्हणेल गं. मला न वाचता ओळखणारं माणूस हवंय."

"आणि नाही ओळखली कुणी?"

"कमाल करतेस! मी आहे ना. डोळे बांधून शंभरात ओळखीन."

इतकी खात्री माणसाने बाळगू नये, पण ओतिलियाला होती. का नसावी? रेमोशी लग्न होऊन ती त्या बागेत आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. सेमिय्योन या पांढऱ्या द्राक्षाच्या एक्केचाळीस ओळी, पूर्वेच्या बांधाला बिहीची, त्या पिवळ्या तुरट फळांची झाडं, त्यांच्या पायाशी पाट. तिथली द्राक्षं तिने खुडली, तुडवली, त्यांचा रस प्रयोगशाळेत तपासला. नऊ वर्षांपूर्वी रेमो गेला. पुढची पाच वर्षं तिने एकटीने रेटलं, मग गुडघे बोलायला लागले आणि तिने बाग विकली. घेणाऱ्याने महिन्याभरात वेली मुळासकट उपटल्या आणि बंगले बांधले. भोवती भिंत, फाटकाशी पहारेकरी. एकदा ती बसने तिथवर गेलीही होती. पहारेकऱ्याने अगदी अदबीने विचारलं, "कुणाकडे जायचंय, बाई?" ती तशीच मागे वळली. थांब्यावर परतीच्या बसची वाट बघत बसली.

आता उरली होती ही एक बाटली. अठ्ठ्याण्णव सालची. आणि ओतिलियाला एकच हवं होतं. ती बाग अजून कुणाच्या तरी जिभेवर आहे, एवढं तिला एकदा कळायला हवं होतं.

लुहानला फाब्रिसिओ आणि नॉर्माच्या अंगणात दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी वाइन चाखायला मंडळी जमायची, त्याला बावीस वर्षं झाली. पिणारी चार डोकी. निवृत्त मास्तर फाब्रिसिओ, ज्याच्या जिभेला हाड नाही. दातांची डॉक्टर सुलेमा, जिला प्रत्येक पेल्यात फुलंफळं सापडतात. ओतिलिया. आणि अन्सेल्मो, जन्मभर पाटकरी. कुठल्या बागेची पाण्याची पाळी कधी, पाटावरचं कुणाचं दार किती वेळ उघडं, हे सगळं त्याच्या हातात असायचं. नॉर्मा रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे पीत नाही, म्हणून बाटल्या तिच्या ताब्यात. आत नेऊन ती बुचं काढणार, प्रत्येक बाटलीवर मुलांचा फुटबॉलचा निळा मोजा चढवणार, क्रम बदलणार आणि नंबर घालणार. स्वतःची बाटली कुठली, हे आणणाऱ्यालाही कळत नाही. मोजे उतरेपर्यंत नॉर्माने अवाक्षर काढायचं नाही, हा नियम.

आणखी एक रीत होती. एखादी वाइन मेली आहे असं कुणी जाहीर केलं आणि बाकीच्यांनी मान डोलावली, तर जाहीर करणाऱ्यानेच ती अंगणातल्या मांडवाच्या वेलीच्या मुळाशी ओतायची. टोपी काढून, रडका चेहरा करून. बावीस वर्षांत त्या वेलीने इतकी पिऊन घेतली होती की फाब्रिसिओ तिला सासूबाई म्हणायचा.

स्वयंपाकघरात नॉर्माने वर्तमानपत्र सोडलं आणि तिचा हात थांबला. "रेमोची?"

ओतिलियाने मान डोलावली.

"शेवटची गं?"

"शेवटची. तोंडातून शब्द काढू नकोस."

"मी कशाला काढू? कुलूप लावलंय," नॉर्मा म्हणाली. तिने बाटलीला हलकेच हात लावला, आणि उकाड्याची तिलाही धास्ती वाटली असावी, कारण तिने ती इतर तिघींबरोबर बर्फाच्या टपात ठेवली.

सूर्य डोंगराआड जात होता. भट्टीतून खिमा भरलेल्या एम्पानादा येत होत्या, निखाऱ्यावर मांस चरचरत होतं. आजचा विषय होता जुन्या पांढऱ्या वाइन.

"पाटकरीबुवा, आज तरी बादली वापरा," फाब्रिसिओने बसल्या बसल्या सुरुवात केली. "चव घ्यायची, थुंकायची, उरलेलं ओतून द्यायचं. तुम्ही पेले साठवून बसता, आणि नॉर्माला धुवायला रात्र होते."

"एकतीस वर्षं थेंब मोजून पाणी दिलंय," अन्सेल्मो म्हणाला. "ओतून द्यायला माझा हात उचलत नाही. तू ओत, तुला सवय आहे."

सुलेमा खो खो हसली. अन्सेल्मोचं तसंच होतं. बाकीचे वीसपैकी गुण लिहायचे, हा चिठ्ठीवर एक ओळ लिहायचा, तीही सगळ्यांचं झाल्यावर.

एक नंबर आला आणि गेला. सुलेमाला त्यात चमेली सापडली, बाकीच्यांना काही नाही.

दोन नंबर पेल्यात पडला आणि ओतिलिया पुढे झुकली. सोनेरी, दाट रंग. तिने नाक नेलं. मध. सुकलेली बिही. उन्हात तापलेलं गवत. अगं बाई, हीच! तिने डोळे मिटले तर रेमो बांधावर उभा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, तिला हाक मारतोय. नऊ वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. तिला रडूही येत होतं आणि उठून नाचावंसंही वाटत होतं.

आपली आहे असं म्हणायला बंदी होती, पण वर्णन करायला नव्हती. ओतिलिया बोलायला लागली ती थांबेचना. वेली म्हाताऱ्या आहेत म्हणाली, उतार पूर्वेचा आहे, जवळ फळझाडं असणार. ज्याने केली त्याला घाई नव्हती, दिवसभर राबून संध्याकाळी गप्प बसणारा माणूस असणार तो.

"अगं, जरा बेताने," फाब्रिसिओ म्हणाला. त्याचं हसू ओठांवरच अडकलं होतं. "साधीसुधीही असू शकते ना."

"साधी? तुझं नाक गहाण पडलंय, मास्तर! वीसपैकी एकोणीस. एक गुण राखून ठेवते, दृष्ट लागू नये म्हणून."

नॉर्मा काहीतरी आणायच्या निमित्ताने आत गेली आणि रिकाम्या हाताने बाहेर आली.

तीन नंबर बरी होती. ओतिलियाचं लक्षच नव्हतं. ती आता हलकी झाली होती. तिने दोन एम्पानादा खाल्ल्या, सुलेमाच्या चमेलीची टर उडवली. तिचं काम झालं होतं. बाग तिच्या जिभेवर होती, आणि मोजे उतरले की सगळ्यांना कळणार होतं.

मग चार नंबर आला. बर्फासारखा गार. पेल्याबाहेर दव धरलं.

"मला तर काहीच लागत नाहीये," सुलेमा म्हणाली. सुलेमाला काहीच लागू नये म्हणजे हद्द झाली.

फाब्रिसिओने घोट घेतला, बादलीत थुंकला आणि खांदे उडवले. ओतिलियाने एकदाच हुंगलं. आत कोणी नाही. तिने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि पेला बादलीत रिकामा केला.

"भांडी विसळलेलं पाणी," ती म्हणाली. "मेलीय ही. मंडळी, उठा!"

"अगं, राहू दे जरा," नॉर्मा एकदम म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "फार गार आहे अजून. थोडी थांब."

"नॉर्मा! तू पीत नाहीस, तू बोलायचं नाही. नियम म्हणजे नियम."

सुलेमाने मान डोलावली, फाब्रिसिओने डोलावली. अन्सेल्मोने नुसता आपला पेला दोन्ही तळहातांत धरला, पण त्याच्या मताची वाट कोण बघतो! ओतिलियाने चार नंबरचा मोजा मानेशी पकडला, मांडवाच्या वेलीपाशी गेली, रडका चेहरा केला आणि बाटली उपडी केली. फाब्रिसिओने टोपी काढून नाकातून शोकगीत धरलं. सगळे हसले. तिच्या हसण्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. वाइन गटगट करत मुळाशी गेली, आणि उकाड्याने तडकलेल्या मातीने ती बघता बघता पिऊन टाकली.

मांस झालं, चीज आणि बिहीची वडी झाली. नॉर्माने दिवा लावला. मोजे उतरवायची वेळ आली तेव्हा तिने हात पुढे केले नाहीत. "तुम्हीच काढा," ती म्हणाली.

एक सुलेमाची निघाली. दोनचा मोजा ओतिलियाने ओढला. नाव वाचायला चष्म्याची गरज नव्हती. लाल, ढोबळ अक्षरं, वर एक पोपट.

"हे काय?"

फाब्रिसिओ खुर्चीत सरकला. "माझी आहे. पेट्रोलपंपाच्या दुकानातली. काचेत उन्हात पडली होती कित्येक वर्षं, धूळ खात. म्हटलं, डॉक्टरीणबाईंची गंमत करू, हिला यात चमेली सापडते का बघू. तू बोलायला लागलीस आणि मला कळेना काय करावं."

ओतिलियाने तीनकडे पाहिलंच नाही. ती अन्सेल्मोची असणार हे उघड होतं. चौथी बाटली टेबलाच्या कडेला रिकामी उभी होती. तिने तिचा मोजा उतरवला नाही. सुलेमाने उतरवला, आणि बाटलीवर रेमोच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी दिव्याच्या उजेडात दिसली. बागेचं नाव, अठ्ठ्याण्णव, सही.

फाब्रिसिओने टोपी काढली, या वेळी गंमत म्हणून नव्हे.

"मी ओतली," ओतिलिया म्हणाली. "माझ्या हाताने ओतली. आणि हसले वर."

"मी सांगायला हवं होतं," नॉर्माच्या डोळ्यांत पाणी आलं. "खड्ड्यात गेला नियम, मी सांगायला हवं होतं."

"तू सांगितलंस. मी गप्प केलं तुला." ओतिलियाचे हात मांडीवर पडले होते. आता तिला रेमोचं बोलणं आठवलं, शब्दन् शब्द. हिला बर्फात कोंडायचं नाही. उघडल्यावर तासभर हिच्याशी बोलायचंसुद्धा नाही, आपण होऊन येते. दर वर्षी सांगायचा, आणि ती दर वर्षी म्हणायची, ठाऊक आहे हो मला. बाग गेली तेव्हा ती रडली नव्हती. आता रडली. भिंत बांधणाऱ्यांनी वेली उपटल्या त्या उपटल्या, पण तिच्या तोंडातली बाग तिची तीच हरवून बसली होती आणि तिला पत्ताही नव्हता.

"वहिनी," अन्सेल्मो म्हणाला.

त्याने अजून दोन्ही तळहातांत पेला धरलेला होता. चार नंबरचा. जवळजवळ तेवढाच भरलेला.

"मलाही लगेच नाही कळलं," तो म्हणाला. "गार होती. म्हटलं, बसू धरून, ओतून कशाला द्यायची. मघाशी ऊब लागली तसा पाण्याच्या पाळीचा वास यायला लागला. पहाटे मी तुमच्या बांधाचं दार उघडायचो, पाणी पहिल्यांदा कोरड्या मातीत शिरायचं ना, तो वास. वर बिही. रेमो पाव आणि बाटली घेऊन यायचा, तुम्ही खिडकीतून ओरडायचात, उपाशीपोटी पिऊ नका म्हणून." त्याने चिठ्ठी पुढे सरकवली. गिचमिड अक्षरात एकच ओळ होती. चार नंबर, हे पाणी मी दिलेलं आहे.

मग त्याने पेला पुढे सरकवला.

ओतिलियाने तो लगेच उचलला नाही. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती खरीच होती, कारण आताही आत कोणी नसलं तर पुढे काही उरत नव्हतं. शेवटी तिने पेला नाकाशी नेला. आधी ओली माती आली. मग बिही. त्या पोपटवाल्या बाटलीतली गोडमिट्ट बिही नव्हे. ही जरा तुरट होती, सालीसकट चावलेली. आणि मग सगळंच आलं, पहाटेचा गारवा, पाटाचा आवाज, खिडकीची कडी, आणि खाली बांधावर दोन पुरुष हळू आवाजात हसतायत. रेमोने हाक मारली नाही. तो नेहमीसारखा पाठमोरा उभा होता आणि तिला तेच हवं होतं, तेच इतकी वर्षं हवं होतं.

तिने अर्धा पेला प्यायला. उरलेला अन्सेल्मोसमोर ठेवला.

"कशी आहे गं?" सुलेमाने हळूच विचारलं.

पेट्रोलपंपावरच्या वाइनवर इतकं बोललेल्या ओतिलियाने बराच वेळ शब्द शोधला. तिला एकही सापडला नाही.

"आमची आहे," ती म्हणाली.

अन्सेल्मोने पेला उचलला आणि त्याच्या नेहमीच्या सवयीने घोट घोट प्यायला लागला. त्या दिवशी त्याला कुणी घाई केली नाही.