गेटवर उपडा केलेला डबा

कडी खडखडली आणि दुपारची शांतता मोडली. तृप्तीच्या हातातलं लाटणं जागीच थांबलं.

"वैष्णवी, दार उघडू नकोस!" तिने लेकीला मागे ओढलं. पोलीस असले तर?

हल्ली हे असंच चाललं होतं. दूधवाला आला तरी तिच्या छातीत धस्स व्हायचं. सातपूरच्या एका कारखान्यात ती स्विच जोडायची. स्विचमध्ये बसवायच्या चांदीच्या बारीक टिकल्यांचं एक पाकीट तिच्या टेबलावरून नाहीसं झालं, आणि पाळी सुटताना गेटवर सगळ्यांदेखत तिचा डबा उपडा केला गेला. निघालं काय, तर अर्धी पोळी आणि लोणच्याची फोड! तरी चौकशी बसली आणि तिला घरी बसवलं. नोकरी जाण्याची धास्ती होतीच. पण तिला खरं भय होतं ते कपाळी 'चोर' हा शिक्का बसण्याचं.

सासूबाईंनी, मंगलाबाईंनी, दार उघडलं. दारात कारखान्याचे दीपकसाहेब. कामगारांच्या चौकश्या तेच बघायचे.

साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "घाबरू नका. चौकशी बंद झाली. तुमच्यावर काही कारवाई नाही. स्टोअरवाल्यांनीच ते पाकीट तुमच्या टेबलावरून उचलून चुकून आपल्या अंबडच्या दुसऱ्या युनिटला पाठवलं होतं."

तृप्ती भिंतीला टेकली. "कधी कळलं, साहेब?"

"झाला आठवडा. कारवाईच करायची नव्हती, म्हणून कळवायचं राहिलं. सोमवारी या कामावर. फक्त आता विषय वाढवू नका. झालं गेलं गंगेला मिळालं."

मंगलाबाई उसळल्या! "असं कसं मिळेल हो? डबा उपडा केलात तो गेटवर, दोन्ही पाळ्यांसमोर. आणि ही निर्दोष ठरली, ते घरात येऊन कानात सांगता? आठवडाभर कडी वाजली की माझी सून थरथरतेय. बदनामीला लाऊडस्पीकर अन् सुटकेला कुजबुज होय?"

साहेबांचा चेहरा उतरला. "मावशी, खरंय तुमचं. हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

सोमवारी पाळी बदलताना, त्याच गेटवर, वॉचमनच्या स्टुलावर साहेब उभे राहिले. "तृप्तीताईंचा काडीचाही दोष नव्हता. चूक आमची होती. मी सगळ्यांदेखत माफी मागतो!"

त्या दिवशी गेटवर नजर चुकवणारी, शेजारच्या टेबलावरची साळूबाई गर्दीतून पुढे आली आणि तृप्तीचा हात धरून म्हणाली, "ए बाई, आज माझ्या डब्यातलं खायचं हं. भरीत आणलंय."

वाचकहो, संशय आपण चारचौघांत बोलतो. मग तो फिटला, हेही चारचौघांतच सांगायला नको का? आरोप जिथे झाला, तिथेच तो धुतला गेला पाहिजे. आणि हे काम एकट्या साहेबांचं नाही, ज्यांनी ज्यांनी तो कानोकानी नेला, त्या सगळ्यांचं आहे.

संध्याकाळी तृप्तीने सगळं लेकीला सांगितलं. समोर राहणाऱ्या मैत्रिणीच्या, पिंकीच्या, बंद दाराकडे बघत वैष्णवीने विचारलं,

"आई, मग आता पिंकीची आई मला पुन्हा त्यांच्या घरात घेईल?"